कारण विचारण्याचा हक्क



नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मृतीला वाहिलेल्या या व्याख्यानमालेत एका कामगार वकिलाला बोलावलेत, हा मी माझ्या पेशाचा मान समजते. लोखंडे वकील नव्हते. मुंबईत मांडवीच्या एका गिरणीत ते स्टोअरकीपर होते, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले होते, ‘दीनबंधू’ साप्ताहिकाचे संपादक होते. पण १८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा घेऊन सुमारे साडेपाच हजार सह्यांचे जे निवेदन त्यांनी तयार केले, ते वकिलाच्या नजरेने वाचावे. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू, सूर्यास्ताला बंद. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. प्रत्येक मागणीत वार आहे, वेळ आहे, मुदत आहे. ‘दया करा’ म्हटले तर मालक ‘करतोच आहे’ म्हणून मोकळा होतो. पंधरा तारीख म्हटली की पगार झाला की नाही, एवढाच प्रश्न उरतो. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवार निवांत घालवतो, तो या कारकुनी नेमकेपणाचाही वारसा आहे.

त्या मागण्यांत एक गोष्ट मात्र नाही. कामावरून काढताना कारण सांगा, असे त्यात कुठे म्हटलेले नाही. त्या काळी ते सुचणेही कठीण होते. गिरणीत माणूस घ्यायचा तो जॉबरने, म्हणजे मुकादमाने, आणि काढायचा तोही जॉबरने. ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढे त्याने म्हटले की विषय संपला. मला आज त्या न मागितलेल्या गोष्टीविषयी बोलायचे आहे. कामगार वकील दिवसभर काय करतो, असे कुणी विचारले तर मी सांगते, की ज्याला आजवर कुणी ‘का?’ असे विचारले नव्हते, त्याला तो विचारतो आणि उत्तर कागदावर, शपथेवर घेतो. बाकी सगळे त्याच्या पोटात येते.

हा प्रश्न विचारण्याची सोय साध्या करार कायद्यात नव्हती. नोकरी हा दोन माणसांमधला करार. एकाला नको असेल तर तो मोडतो, दुसऱ्याला फार तर नुकसानभरपाई मिळते, तीही नोटिशीच्या मुदतीच्या पगाराएवढी. नको असलेला नोकर कोर्टाने मालकाच्या गळ्यात घालायचा नाही, ही दिवाणी कायद्याची जुनी शिस्त. औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या १ एप्रिलला लागू झाला आणि दोनच वर्षांत, १९४९ मध्ये, मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने सांगितले, की औद्योगिक न्यायाधिकरण कामगाराला कामावर परत घेण्याचा हुकूम देऊ शकते. हे किती मोठे पाऊल होते, हे आता जाणवत नाही. कामगार आपले श्रम विकतो आणि विक्री मोडली की पैसे घेऊन घरी जातो, ही समजूत त्या दिवशी ढिली झाली. त्याच्या नोकरीवर त्याचाही काही अधिकार आहे, असे न्यायालयाने मान्य केले.

पुढचे पाऊल मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून आले. तिथल्या दोन वॉर्ड सेविकांना कमी करण्यात आले आणि त्यांच्या जागी नागरी पुरवठा खात्यातून सुटलेले दोन सरकारी नोकर घेतले गेले. बायकांना भरपाई दिली नाही. सरकारचे म्हणणे असे, की रुग्णालय म्हणजे काही कारखाना नव्हे, तिथे औद्योगिक कायद्याचा काय संबंध? १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला, की हे रुग्णालय कायद्याच्या अर्थाने उद्योगच आहे आणि भरपाई न देता केलेली कपात मुळातच रद्दबातल आहे. एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार; हे आधी द्यायचे, मग माणसाला कमी करायचे. हा क्रम चुकला तर कपातच झाली नाही, असे धरायचे. साताऱ्यात जन्मलेले गजेंद्रगडकर पुढे सरन्यायाधीश झाले, १९६६ मध्ये नेमलेल्या पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षही झाले. पण मला ते आठवतात ते त्या दोन सेविकांमुळे. अख्खे सरकार समोर असताना दोन आयांनी ‘का?’ विचारले आणि देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाला उत्तर द्यावे लागले.

तरीही १९७१ पर्यंत या प्रश्नाला एक मोठी मर्यादा होती. मालकाने चौकशी नीट केली असेल, तर शिक्षा किती द्यायची हा त्याचा अधिकार, असे न्यायालये म्हणत. पाच मिनिटे उशीर झाला म्हणून बडतर्फ केले, तरी आकस सिद्ध होत नसेल तर न्यायाधीश हात चोळत बसायचे. त्या वर्षी कायद्यात कलम ११-अ आले आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जास्त आहे का, हे तपासायचा अधिकार न्यायालयाला मिळाला. महाराष्ट्राने त्याच वर्षी स्वतःचा वेगळा कायदा केला, अनुचित कामगार प्रथांना बंदी घालणारा. आमच्या बोलण्यात तो ‘यूएलपी’. त्याच्या चौथ्या अनुसूचीत सहावी बाब आहे: माणसाला बदली, हंगामी किंवा तात्पुरता म्हणून घ्यायचे आणि कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षे तसेच ठेवायचे, ही अनुचित प्रथा होय. या राज्यातल्या हजारो माणसांच्या घरातली चूल या एका वाक्यावर पेटलेली आहे. दुसऱ्या राज्यांतले वकील मित्र या कायद्याचा हेवा करतात आणि तो रास्त आहे.

आता कोर्टाबाहेर, माझ्या कार्यालयात या.

माणूस येतो तो बहुधा संध्याकाळी आणि बहुधा उशिरा. म्हणजे काढून टाकल्यावर काही महिन्यांनी. तोवर त्याने साहेबांचे पाय धरलेले असतात, गावच्या पुढाऱ्याकडून फोन करून झालेला असतो. अंबरनाथच्या एका कारखान्यातला वेल्डर असाच आला होता. त्याच्या नोकरीत तीन कंत्राटदार बदलले, मशीन एकच. दर दिवाळीला काही दिवसांचा ब्रेक, मग नवे पत्र. शेवटच्या दिवाळीनंतर पत्र आलेच नाही. त्याच्याकडे नेमणूकपत्र नव्हते, पगाराची पावती नव्हती, हजेरीकार्ड गेटवर जमा. ‘मॅडम, मी तिथे होतो हे सगळ्यांना माहीत आहे,’ तो पुन्हा पुन्हा सांगत होता. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोर्टात सिद्ध करणे, हे आमच्या कामातले सर्वांत कष्टाचे काम.

कायदा म्हणतो, मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेले असेल तर तुला सलग सेवेचे संरक्षण आहे. पण ते दिवस भरले हे दाखवायचे कुणी? २००२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ओझे कामगारावर आहे आणि त्याचे नुसते शपथपत्र पुरणार नाही. मस्टर मालकाच्या कपाटात, ओझे कामगाराच्या डोक्यावर. त्या निकालाने कित्येक खरी प्रकरणे बुडाली, असे माझे स्पष्ट मत आहे. २००५ मध्ये त्याच न्यायालयाने थोडी दुरुस्ती केली: कामगाराने आधी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे, मस्टर आणि पगारपत्रके मागवावीत, मालकाने ती दडवली तर परिस्थिती पाहून न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. म्हणून आम्ही पहिल्याच तारखांना कागद हजर करण्याचा अर्ज देतो. त्या वेल्डरच्या बाबतीत काय काय उपयोगी पडले ऐका. कॅन्टीनची कुपने. आग विझवण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, त्यावर कारखान्याचे नाव आणि शिक्का. भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकातल्या नोंदी. विमा योजनेचे कार्ड. गेटवरचे मटेरियल पास, ज्यांवर ‘मिळाले’ म्हणून त्याची सही होती. एकेक कागद किरकोळ. पण ते तारखेप्रमाणे लावले, तेव्हा कंपनीचा साक्षीदार उलटतपासणीत हे कबूल करून बसला, की कंत्राटदाराला त्याने कारखान्यात कधी पाहिलेलेच नव्हते.

इथेच कंत्राटी पद्धतीचे मर्म आहे. कारण विचारायला जावे तर मालक म्हणतो, हा माझा माणूसच नाही. म्हणून वकिलाला आधी हे विचारावे लागते, की मालक कोण? हुकूम कोण देतो, रजा कोण मंजूर करतो, चूक झाली तर कोण ओरडतो? मुंबई महापालिकेत कचरा वाहणाऱ्या सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांचे प्रकरण आपल्याला ठाऊक आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ते औद्योगिक न्यायाधिकरणापासून लढवले. कंत्राट दिखाऊ आहे, ही माणसे महापालिकेचीच आहेत, असे ठरले आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. या शहराचा कचरा रोज पहाटे उचलणारा माणूस या शहराचा नोकर आहे, एवढी उघड गोष्ट मान्य करून घ्यायला दिल्लीपर्यंत जावे लागले. मला याचा आनंद जेवढा होतो तेवढाच संतापही येतो.

शिक्षकांची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला विशेष सांगायची आहे. १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की शाळा उद्योग असली तरी शिक्षक ‘कामगार’ नव्हे. त्याचे काम अंगमेहनतीचे नाही, कारकुनीचे नाही, तांत्रिक नाही. शिकवणे उदात्त म्हणून ते कायद्याच्या छपराबाहेर! महाराष्ट्रातल्या खासगी शाळांना १९७७ चा वेगळा कायदा आणि शाळा न्यायाधिकरण होते, म्हणून इथल्या शिक्षकांचे निभावले. औरंगाबादच्या एका प्राथमिक शाळेत काय घडले पाहा. महापालिकेने संस्थेला कराचे बिल पाठवले. ते भरण्यासाठी मुख्याध्यापिकेने, ज्या संस्थेच्या अध्यक्षाही होत्या, कर्मचाऱ्यांकडे महिना दीड हजार रुपये मागितले. एका शिक्षिकेने नकार दिला. मग मेमोंची रांग लागली, निलंबन झाले, एकतर्फी चौकशी झाली, सेवा संपवली. शाळा न्यायाधिकरणाने तिला मागील पगारासह परत घ्यायला सांगितले. उच्च न्यायालयाने कामावर घेणे मान्य केले, पगार मात्र कापला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परत दिला आणि सांगितले, की बेकायदा काढलेल्या माणसाला मागील पगारासह परत घेणे हाच सर्वसाधारण नियम. ज्याने बेकायदा काढले त्याला त्या काळाचा पगार वाचवण्याचे बक्षीस देता येणार नाही. आज देशभर कुठल्याही कामगार न्यायालयात मागील पगाराचा युक्तिवाद सुरू झाला, की या शिक्षिकेच्या प्रकरणाचा हवाला दिला जातो. दीड हजार रुपयांना ‘का?’ विचारणारी ती बाई होती.

मी मालकांच्याही वतीने उभी राहते. काही मित्रांना ते आवडत नाही. पण कारण देण्याची शिस्त मालकाला शिकवणे हे त्याच कामाचे दुसरे अंग आहे, असे मी मानते. छोट्या कारखानदाराचा फोन येतो, ‘उद्या याला काढायचाय, पत्र द्या.’ मी विचारते, त्याने काय केले? कधी? कुणी पाहिले? त्याला विचारले का? निम्म्या वेळा या चार प्रश्नांतच राग ओसरतो आणि लेखी ताकिदीवर भागते. उरलेल्या वेळी आरोपपत्र नेमके लिहायचे, कागद त्याला द्यायचे, साक्षीदार तपासू द्यायचे, उलटतपासणी करू द्यायची. हे सगळे करून शिवीगाळ किंवा चोरी सिद्ध झाली, तर न्यायालये बडतर्फी उचलून धरतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. हरतात ते ज्यांनी चौकशीचे नाटक केले ते. आठ दिवस न सांगता गैरहजर राहिला म्हणून स्थायी आदेशांनुसार नाव आपोआप कमी झाले, असे म्हणणाऱ्या एका कंपनीला १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारले: त्याचे म्हणणे ऐकलेत का? उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि ती काढून घेताना नियमपुस्तकात लिहिले आहे म्हणून ऐकून घेण्यातून सुटका होत नाही.

संपाविषयी थोडेच बोलते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क एका मान्यताप्राप्त संघटनेला दिला होता आणि त्यांना ती नको होती. ‘का?’ विचारणारे अडीच लाख आणि कायद्याच्या दारात त्यांच्यापैकी कुणालाही प्रवेश नाही. त्या संपाचे सगळे अपयश कायद्यावर टाकता येणार नाही, पण हे दार बंद होते, हे विसरून त्याचा इतिहास लिहिता येणार नाही.

आजचा माझा पक्षकार मात्र बदलतो आहे. हिंजवडीतल्या, ऐरोलीतल्या आयटी कंपन्यांतून तरुण मुले येतात. त्यांना कुणी काढलेले नसते. त्यांना एका खोलीत बसवून सांगितलेले असते, की आत्ता राजीनामा दिलास तर अनुभवाचे पत्र चांगले मिळेल. तासाभरात लॅपटॉप जमा, ईमेल बंद. राजीनामा म्हटला की कारण देण्याची जबाबदारी कंपनीवरून उडून मुलावर येते. या मुलांना वाटते आपण ‘मॅनेजर’, ‘लीड’, आपल्याला कामगार कायदा कुठला. मी त्यांना सांगते, न्यायालय हुद्द्याची पाटी पाहत नाही, मुख्य काम काय ते पाहते. तुझ्या हाताखाली माणसे आहेत का? तू रजा मंजूर करतोस का? दिवसभर स्वतः कोड लिहीत असशील तर तुझे नाव काहीही असो, तू तांत्रिक काम करणारा कामगार आहेस, असे म्हणायला जागा आहे. जबरदस्तीचा राजीनामा सिद्ध करता येतो, पण त्यासाठी त्याच संध्याकाळी ‘माझ्याकडून हे लिहून घेतले’ असा ईमेल गेलेला हवा. तीन महिन्यांनी सुचलेल्या शहाणपणाला पुराव्यात किंमत नसते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या केंद्रीय कामगार कायद्यांची जागा घेणाऱ्या चारही श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यात स्वागत करण्यासारखे काही आहे: प्रत्येकाला नेमणूकपत्र देण्याचे बंधन, ठरावीक मुदतीच्या नोकराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. नेमणूकपत्राच्या तरतुदीने माझ्या वेल्डरसारख्यांचा अर्धा लढा सोपा होईल. पण दोन गोष्टी मला खटकतात. कारखाना बंद करताना किंवा कपात करताना सरकारची आधी परवानगी घ्यायची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. म्हणजे आपल्या औद्योगिक वसाहतींतल्या शंभरापासून तीनशेच्या आत कामगार असलेल्या कारखान्यांना आता सरकारपुढे आधी कारण मांडावे लागणार नाही. दुसरी गोष्ट अधिक खोल. मुदतीची नोकरी आता सर्व उद्योगांना खुली आहे, आणि त्यात नोकरी संपण्याचे कारण नोकरी सुरू होतानाच पत्रात छापलेले असते: तारीख आली. ती कपात धरली जात नाही. युनियनमध्ये गेला म्हणून, बाळंतपणाची रजा मागितली म्हणून, साहेबांच्या वागण्याची तक्रार केली म्हणून मुदत वाढवली नाही, तर ‘का?’ विचारायला जागाच ठेवलेली नाही. गेल्या पाऊणशे वर्षांत जे मिळवले ते या फटीतून गळेल, अशी मला रास्त भीती आहे. काढून टाकल्यानंतर थेट न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदतही तीन वर्षांवरून दोनवर आली आहे.

एक तक्रार आमच्या न्यायालयांची. प्रश्न विचारता येतो, पण उत्तर यायला दशक लागते. साक्षीदार निवृत्त होतात, कंपनीचे नाव बदलते, पक्षकाराची मुलगी लग्नाला येते. म्हणून पुष्कळ प्रकरणे तडजोडीत संपतात. तडजोड म्हणजे हार, असे मी मानत नाही. योग्य वेळी योग्य रक्कम मिळवून देणे यात कौशल्य आहे. पण पक्षकार थकला म्हणून झालेल्या तडजोडीला न्याय म्हणायला माझी जीभ वळत नाही. रिक्त न्यायाधीशपदे भरणे हे सरकारचे काम आहे आणि ते त्याने वेळेवर करावे, ही मागणी प्रत्येक कामगार संघटनेच्या मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर असायला हवी. लोखंड्यांनी केली तशी, मुदत घालून.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनो, या पेशात मोठी फी नाही. कार्यालयातून पहिली पाच वर्षे घर चालेल याची खात्री मी देत नाही. तरी या. मस्टर वाचायला शिका, ताळेबंद वाचायला शिका, एकदा तरी पाळी बदलताना कारखान्याच्या गेटवर उभे राहा.

आणि इथे बसलेल्या नोकरदारांना, मग ते वेल्डर असोत की टीम लीड, माझी विनंती आहे. कोऱ्या कागदावर सही करू नका. कुठल्याही सहीखाली स्वतःच्या हाताने तारीख घाला. प्रत दिली नाही तर ‘प्रत मिळाली नाही’ असे तिथेच लिहा. पगाराच्या पावत्या, कार्डे, पत्रे यांचे फोटो आज रात्री काढून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. आणि कामावरून कमी केले, तर साहेबांची मनधरणी करण्यात महिने घालवू नका. त्याच आठवड्यात वकील गाठा.